बरं वाटतं, तेच दिवस धोक्याचे

२०१७ चा पावसाळा वऱ्हाड अजून विसरलेला नाही. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली होती आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करणारी माणसं एकामागून एक दवाखान्यात येत होती. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण भरती झाले. अकोला, अमरावती, बुलडाण्यातूनही विषबाधेच्या बातम्या येत राहिल्या. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. नोव्हेंबरात विभागातल्या पाचही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली: मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड, ॲसिफेट आणि डायफेन्थ्युरॉन.

बंदीची मुदत सरली, पण फवारणी दरवर्षी येतेच. पऱ्हाटी झाली की तूर, इकडे वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा. म्हणून फवारणी करणाऱ्या प्रत्येक घरानं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. विषबाधा झालेला माणूस उलट्या थांबल्यावर उठून बसतो, चहा मागतो, "आता बरं आहे, घरी चला" म्हणतो. किडनी, लिव्हर आणि फुप्फुसांचं नुकसान पुष्कळदा याच दिवसांत आतल्या आत चालू असतं. ते कसं होतं आणि आपण त्यात काय करू शकतो, हे या लेखात पाहू.

हेच तीन अवयव का?

पोटात गेलेलं काहीही आतड्यातून शोषलं गेलं की ते रक्तातून आधी लिव्हरमध्ये जातं, मग हृदयाकडे. लिव्हर त्या पदार्थाचं रूप बदलतं, म्हणजे पुढे तो लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर काढता येतो. अडचण अशी की या बदलात कधी कधी मूळ पदार्थापेक्षा घातक काहीतरी तयार होतं. क्लोरपायरिफॉससारखं औषध लिव्हरमध्ये रूप बदलल्यावरच खरं जहाल होतं. तापाची पॅरासिटामॉलही फार मोठ्या प्रमाणात घेतली तर तिच्यापासून लिव्हरच्या पेशी मारणारा पदार्थ बनतो. दारूनं आधीच थकलेल्या लिव्हरला तर तो निस्तरताच येत नाही.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन मुठीएवढ्या किडन्यांकडे जातो. दोघी मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी परत रक्तात घेतलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. पाणी परत जातं, पण विष मागे राहतं, म्हणून बासुंदीसाठी दूध आटवावं तसं ते किडनीच्या बारीक नळ्यांत दाट होत जातं. रक्तात थोडंच असलेलं विष तिथे कित्येक पटींनी वाढून नळ्यांच्या अस्तराला जाळतं.

फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. ते उलगडून पसरले तर त्यांचा पृष्ठभाग सत्तर चौरस मीटरच्या आसपास भरेल. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ असतो की वायू सहज पलीकडे जातो. फवारणीचे बारीक तुषार, धूर, धान्यातल्या गोळीचा वायू यांनाही तोच रस्ता मोकळा असतो.

मधल्या शांत दिवसांचं गणित

विष कोणतं आहे त्यावर हे फसवे दिवस कधी येतात ते ठरतं. वऱ्हाडातल्या घरांत आणि वावरांत सापडणारी विषं एकेक करून पाहू.

ऑर्गॅनोफॉस्फेट. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, ॲसिफेट ही सगळी याच घरातली. यांचा पहिला मार नसांवर बसतो. तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, उलटी-जुलाब, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंग थरथरणं ही लक्षणं दिसतात. फुप्फुसं स्रावानं भरतात आणि श्वास कोंडतो. ॲट्रोपिन दिलं की यातलं बरंच ओसरतं, रुग्ण बोलायला लागतो. पण साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांची मान उचलेनाशी होते, खांदे ढिले पडतात आणि श्वासाचे स्नायू दगा देतात. तेव्हा व्हेंटिलेटर हाताशी नसेल तर माणूस हातचा जातो. म्हणूनच डॉक्टर म्हणतात, "चार-पाच दिवस थांबा." त्यातून सुटलेल्या काहींच्या पायांना दोन-तीन आठवड्यांनी मुंग्या येतात, चालताना पाय ओढला जातो. तेही त्याच विषाचं देणं असतं.

पॅराक्वाट. निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक आलं. पॅराक्वाट त्यातलं सर्वांत क्रूर, आणि त्यावर उतारा नाही. पोटात गेलं की पहिल्या दिवशी तोंड, जीभ आणि घसा सोलवटतो. मग माणूस शुद्धीवर असतो, सगळ्यांशी बोलतो आणि नातेवाईकांना वाटतं की संकट टळलं. दोन-चार दिवसांत किडनीचं काम मंदावतं, डोळे पिवळे पडू लागतात. आणि फुप्फुसं? त्यांच्या पेशींत शरीराला लागणारे काही पदार्थ ओढून घेणारी एक यंत्रणा असते. पॅराक्वाटचा रेणू त्या पदार्थांसारखा दिसतो, म्हणून ती यंत्रणा रक्तातलं विष वेचून फुप्फुसांतच साठवते. तिथे ते ऑक्सिजनच्या साहाय्याने पुन्हा पुन्हा पेशी जाळतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत फुप्फुसं घट्ट होऊन आकसतात. त्यामुळेच या रुग्णाला ऑक्सिजन द्यायचा की नाही आणि किती, हे डॉक्टर फार जपून ठरवतात. कोणतं विष आहे हे डॉक्टरांना कळलं नाही तर इतर रुग्णांना तारणारा ऑक्सिजन याला भोवू शकतो.

उंदरांची पेस्ट. ट्यूबमध्ये मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. लहान पोर ती भाकरीच्या तुकड्यासोबत चाटून मोकळं होतं. पहिल्या दिवशी उलटी, पोटदुखी होते. मग एक-दोन दिवस काहीच त्रास नसतो आणि पोर खेळायला लागतं. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला कावीळ उमटते, हिरड्यांतून रक्त येतं, गुंगी चढते, कारण तोवर लिव्हर कोसळलेलं असतं. अशा मुलाला काविळीचा उतारा देणाऱ्याकडे नेलं तर हातातला उरलासुरला वेळही जातो.

धान्यातली गोळी. गहू-तुरीच्या कोठीत कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो हृदयावर आणि फुप्फुसांवर थेट घाव घालतो आणि त्यावरही उतारा नाही. या गोळ्या घरच्या वापरासाठी नाहीतच. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथे गोळी घातलेली पोती किंवा कोठी एक रात्रसुद्धा ठेवू नका. शिळ्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास आला तर दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा. गोळीवर पाणी टाकू नका, त्यानं वायू आणखी वेगानं सुटतो.

विष शिरतं कुठून?

"काही नाही होत भाऊ, वीस वर्षं झाली फवारून राह्यलो." हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. असं म्हणणाऱ्या माणसाला फवारणी झाल्यावर पाठमोरा उभा करून पाहा. पंपाच्या झाकणातून आणि नळीच्या जोडातून गळलेलं औषध शर्टाच्या पाठीवर डाग पाडून कमरेपर्यंत आलेलं असतं, तिथून चड्डीच्या नाडीपाशी मुरलेलं असतं. कपाळ, काखा आणि जांघेची कातडी हातापेक्षा कित्येक पटींनी जास्त विष शोषते. त्यात घामानं आणि उन्हानं कातडी आणखी मोकळी होते. म्हणजे नाक-तोंडावर दुपट्टा बांधूनही विष मागच्या दारानं आत येतच राहतं.

म्हणून फवारणीआधी या गोष्टी करा:

- पंपात आधी साधं पाणी भरून तो पाठीवर घ्या आणि चालवा. गळत असेल तर वायसर बदला, नळीचा जोड घट्ट करा. गळका पंप पाठीवर घेऊच नका.
- पाठीला पंपाच्या खाली खताच्या पोत्याच्या आतलं जाड प्लास्टिक बांधा. बाह्या पूर्ण, पँट बुटांवर, रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क. ओला दुपट्टा मास्क होत नाही. तो औषध पितो आणि नाकापाशीच धरून ठेवतो.
- एकाच टाकीत तीन-चार औषधं, वर टॉनिक, वर विद्राव्य खत अशी खिचडी करू नका. दोन औषधं एकत्र आली की एकाचं विघटन दुसरं अडवू शकतं आणि डॉक्टरांना नेमका उतारा ठरवता येत नाही.
- पीक डोक्याच्या वर गेलं असेल तर तुषार तोंडावरच पडतात. २०१७ मध्ये हाच घोळ झाला होता. शेंडे खुडून उंची आवरता येते का, ओळी सोडून फवारता येते का, हे कृषी सहायकाला आधी विचारा.
- वारा पाठीकडून घ्या. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर फवारा. उपाशी पोटी फवारू नका आणि एकाच माणसाकडून रोज दिवसभर फवारून घेऊ नका. गावातल्या दोघा-चौघांनाच रोज फवारणीच्या मजुरीवर जावं लागत असेल तर त्यांच्या पाळ्या लावा.
- बंद नोझल तोंडानं फुंकू नका. त्यासाठी जुना दात घासायचा ब्रश किंवा बारीक काडी जवळ ठेवा.
- हात धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, पाणी, डबा यांना हात लावू नका. खर्रा घोटताना बोटांवरचं औषध सरळ तोंडात जातं.

डब्यावरचा त्रिकोण पाहायला दोन क्षण लागतात. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. निळा-हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही. पाच-सहा तास अंगावर ओलं राहिलेलं निळं औषधही दवाखाना दाखवतं.

रिकामे डबे तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्याच टाकीत टाका, मग डबा भोसकून निकामी करा. चुलीत जाळू नका, त्या धुराचा पहिला घोट चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत जातो. आणि तेल, रॉकेल, पाणी असं काहीही त्यात भरू नका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली. त्यांच्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळलं गेलं होतं.

पहिला तास

फवारताना मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत भार जाणवला की "एवढी एक टाकी संपवतो" म्हणू नका. तिथून पुढे हे करायचं:

- धुऱ्यावरून बाहेर, मोकळ्या हवेत, सावलीत आणा. अंगावरचे सगळे कपडे काढा. साबण आणि भरपूर पाण्यानं डोक्यापासून पायापर्यंत धुवा. केस, नखं, कानामागची जागा सोडू नका. धुणाऱ्यानं हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हातावर चढवाव्यात.
- डोळ्यांत गेलं असेल तर साध्या पाण्यानं १५ ते २० मिनिटं धुवा.
- मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. दूध, तूप, ताक, लिंबू काही पाजू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी फुप्फुसांत उतरली की विषासोबत न्यूमोनियाही आला.
- डाव्या कुशीवर निजवा, तोंडातला फेस पुसत राहा. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला उशीर दिसला तर थांबू नका, जी गाडी मिळेल तिनं निघा.
- औषधाचा डबा किंवा निदान त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या. "पांढऱ्या डब्यातलं होतं" एवढ्यावर डॉक्टर काहीच ठरवू शकत नाहीत. ऑर्गॅनोफॉस्फेटला ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम चालतं, पॅराक्वाटला चालत नाही. सायपरमेथ्रिनचा उपचार आणखी वेगळा.

गाव मूर्तिजापूरजवळ असो की चिखलदऱ्याच्या वाटेवर, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पहिलं इंजेक्शन घेऊनच पुढे अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाकडे किंवा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाकडे निघा. ॲट्रोपिन लवकर मिळालं तर पुढचा प्रवास झेपतो. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र डॉक्टरांना आणि लोकांनाही सल्ला देतं.

घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्ड गादीखाली गेलं की घरातले सगळे निर्धास्त होतात. ते कार्ड भिंतीवर लावा आणि डॉक्टरांना पुढच्या तारखा विचारून त्याखाली लिहा. साधारणपणे असं ध्यानात ठेवा:

- पहिले पाच दिवस मान उचलता येते का, शब्द जड होतात का, श्वास उथळ होतो का, हे घरच्यांनी सकाळ-संध्याकाळ बघावं. एकही लक्षण दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.
- पहिले दहा-पंधरा दिवस लघवी किती होते, तिचा रंग, डोळे पिवळे आहेत का, अंगावर निळे डाग उठतात का, हे बघावं. किडनीसाठी क्रिएटिनीन आणि लिव्हरसाठी एसजीपीटी या दोन तपासण्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला चुकवू नका. उंदराच्या पेस्टीच्या बाबतीत रक्त गोठायला किती वेळ लागतो तेही तपासावं लागतं.
- पुढचे तीन-चार आठवडे जिना चढताना दम लागतो का, कोरडा खोकला थांबत नाही का, पायांना मुंग्या येतात का, याकडे लक्ष ठेवा. तणनाशकाच्या रुग्णाची बोटावरच्या यंत्रानं ऑक्सिजन पातळी तपासत राहा.

ऑर्गॅनोफॉस्फेटनं रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर निकामी होतं. ते पूर्ण भरून यायला तीन-चार महिनेसुद्धा लागू शकतात. तोवर पंप पाठीवर घेतला तर आधीपेक्षा थोड्या औषधानंही माणूस पुन्हा आडवा होतो. फवारणीची मजुरी बुडते हे खरं, पण त्या हंगामात त्याला दुसरं काम द्या.

खारपाणाची वर्षं

पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल निसर्गतःच खारट आहे. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जीपासून अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूरपर्यंत आणि पुढे शेगाव, संग्रामपूर, नांदुऱ्यापर्यंत हा खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या सोळा तालुक्यांत पसरला आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा काही स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. खारपाणातल्या कित्येक विहिरी आणि बोअर त्याच्या पुढं जातात.

या पट्ट्यात मुतखडे आणि किडनीचे आजार दीर्घकाळ चर्चेत आहेत. खार एकटाच दोषी, असं संशोधन अजून ठामपणे म्हणत नाही. पण कोणताही किडनीतज्ज्ञ तुम्हाला सांगेल की एकाच माणसावर अनेक गोष्टी एकत्र जमल्या की किडनी बसते. खारट पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून ते कमी प्यायलं जातं. वावरात दिवसभर घाम गळतो. संध्याकाळी पाठ दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली जाते. शरीरात पाणी कमी असलं की किडनी स्वतःचा रक्तप्रवाह टिकवायला काही पदार्थ तयार करते आणि ही गोळी नेमके तेच पदार्थ थांबवते. रोज थोडं फवारणीचं विष, रोज थोडी दारू, वर ही गोळी. इथे शांत काळ वर्षांचा असतो, कारण किडनीचं निम्मं काम गेल्याशिवाय रक्तातलं क्रिएटिनीन वाढतच नाही.

म्हणून तपासणीची वाट पाहण्याआधी लक्षणं ओळखा: सकाळी डोळ्यांखाली सूज, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, लघवीला टिकून राहणारा फेस, विनाकारण खाज, तोंडाला चव नसणं. रक्तदाब, मधुमेह किंवा मुतखडा असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन तपासा. अल्ब्युमिन बहुधा क्रिएटिनीनच्या आधी सांगतं.

गोळ्यांचा नियम सोपा आहे. उन्हात राबलेल्या दिवशी, जुलाब-उलटी असताना किंवा किडनीचा आजार ठाऊक असताना दुखण्याची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका. तापाला पॅरासिटामॉल चालते, पण मोठ्या माणसाला २४ तासांत ५०० मिलिग्रॅमच्या आठच्या वर नाही, आणि रोज दारू घेणाऱ्यानं तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सर्दीच्या, अंगदुखीच्या पाकिटांतही पॅरासिटामॉल दडलेली असते, तीही या हिशोबात धरा. संधिवातावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि भस्मं यांत स्टेरॉइड किंवा जड धातू निघू शकतात. ज्या पुडीवर नाव, घटक आणि परवाना क्रमांक नाही ती पोटात घालू नका.

पाण्याचं काय? उकळल्यानं जंतू मरतात, क्षार मात्र राहतात आणि पाणी आटलं तर उलट वाढतात. तुरटीनंही खार जात नाही. क्षार काढायला आरओ लागतो. त्याचा मेम्ब्रेन वेळेवर बदला आणि गावातल्या जारच्या पाण्याचं टीडीएस अधूनमधून मोजा. नायट्रेट आणि फ्लोराइड टीडीएस मीटरवर वेगळं दिसत नाही, त्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा. वान आणि शहानूर धरणांवरच्या प्रादेशिक योजनांचं पाणी येत असेल तर पिण्या-शिजवण्यासाठी तेच राखून ठेवा, धुण्याभांड्याला बोअरचं वापरा.

आणि छतावर पडणाऱ्या पाण्याकडे बघा. शंभर चौरस मीटरच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला वीस टक्के वाया गेला, तरी ५६,००० लिटर हाती येतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-शिजवण्यासाठी रोज २५ लिटर धरले तर वर्षाचे नऊ हजारांच्या आसपास लागतात. हंगामातल्या पहिल्या दोन-तीन सरी वाहू द्या, म्हणजे छत धुऊन निघेल. पुढचं पाणी वाळू-कोळशाच्या गाळणीतून झाकलेल्या टाकीत घ्या. पिण्याआधी ते उकळा. इथे उकळण्याचा उपयोग आहे, कारण यात खार नाही, जंतूच असू शकतात.

छातीवर रोज बसणारी धूळ

जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत कापसाची धूळ वर्षानुवर्षं जाते. त्यातून बिसिनोसिस हा दम्यासारखा आजार होतो. त्याची ओळख अशी की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते आणि आठवड्यात हळूहळू सैल होते. सैल होते म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. असा अनुभव येत असेल तर फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री करून घ्या आणि मालकाकडे धूळ ओढणारी यंत्रणा व मास्क मागा. चुलीचा धूर आणि बिडी हेही त्याच खात्यात जमा होतं.

कुलूप, फोन आणि कागद

कीटकनाशक देवघराशेजारच्या फळीवर, पलंगाखाली किंवा माळ्यावर राहू नये. ते घराबाहेर, कुलूपबंद पेटीत असावं आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. हे मुलांसाठी आहे आणि मोठ्यांसाठीही. श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. उद्विग्नतेची लाट बहुतेकदा काही वेळात ओसरते आणि त्या वेळात हाताशी विष नसलं की माणूस वाचतो. घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, देणी-घेणी मिटवल्यासारखं बोलत असेल, तर विषय टाळू नका, सरळ विचारा. १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर मराठीत, मोफत आणि कोणत्याही वेळी बोलता येतं.

कृषी केंद्रातून औषध घेताना पक्कं बिल मागा, त्यावर कंपनी, बॅच आणि मुदत लिहून घ्या. विषबाधा झाली तर डॉक्टरांना ती फवारणी करताना झाली हे स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर तसं नोंदवून घ्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत औषध हाताळताना झालेली विषबाधा बसते. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि तो लवकर करावा लागतो. पण ही योजना सातबारावाल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला लागू आहे, मजुराला नाही. मजुराकडून फवारून घेणाऱ्यानं हातमोजे, मास्क आणि साबण आपल्या खर्चानं द्यावेत आणि त्याला बरं नसेल त्या दिवशीची मजुरी कापू नये, एवढी माणुसकी कायद्याची वाट पाहत नाही. किडनी निकामी झाली तर डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत होतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

हंगाम सुरू होण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून तीन गोष्टी ठरवा: फवारणीच्या दिवशी वावरात सोबत कोण असेल, गाडी कुणाची निघेल आणि दवाखान्यातून आल्यावर पुढचा महिनाभर लक्ष कोण ठेवेल. शेवटचं काम सर्वांत कंटाळवाणं आहे, म्हणून ते नाव घेऊन एकाकडे सोपवा.